जुन्या साठवण-पेटीची वाढ : धाराशिव जिल्ह्यातील घरगुती दप्तराच्या इतिहासाचे एक प्रकरण

१. विषयप्रवेश

मराठवाड्याच्या इतिहासाची साधने म्हटली म्हणजे अभ्यासकांचे लक्ष प्रथम शिलालेख, ताम्रपट आणि हैदराबाद येथील शासकीय दप्तर यांच्याकडे जाते. घराघरांतून रुमालात बांधून ठेवलेल्या कागदांचा विचार त्यानंतर होतो. आणि ते कागद ज्या पात्रात राहिले त्या पात्राचा विचार बहुधा होतच नाही. वास्तविक कागद टिकणे किंवा न टिकणे हे पुष्कळ अंशी त्या पात्रावर अवलंबून असते. कोनाडा, लाकडी पेटी, पत्र्याची ट्रंक आणि गोदरेजचे कपाट असा या पात्राचा क्रम आपणास परिचित आहे. गेल्या सुमारे वीस वर्षांत त्यात एका नव्या पात्राची भर पडली. दोन किंवा चार हार्ड डिस्का पोटात घेतलेली, राउटरला जोडलेली आणि घरातील सर्वांस एकाच वेळी वापरता येणारी ही लहानशी पेटी व्यवहारात ‘नॅस’ या आद्याक्षरी नावाने ओळखली जाते. जुन्या कागदांची छायाचित्रे, जमिनीचे उतारे, लग्नाच्या चित्रफिती आणि मुलांच्या शाळेचे दाखले असे सर्व काही तीत साठते.

या पेट्यांची पहिली पिढी आता जुनी झाली असून ती भरतही आली आहे. त्यामुळे नवी पेटी घ्यावी की जुन्या पेटीतच मोठ्या डिस्का बसवून तिची क्षमता वाढवावी, असा प्रश्न घरोघर उभा राहू लागला आहे. वरवर पाहता हा प्रश्न तंत्रज्ञाचा व खर्चाचा वाटेल. परंतु साठवणीच्या दीर्घ इतिहासाच्या संदर्भात तो ठेवून पाहिला असता त्याची एक निराळी बाजू दिसते. प्रस्तुत लेखात धाराशिव जिल्ह्यातील घरगुती दप्तराच्या अनुषंगाने तीच बाजू मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

२. फिरते सरकारी दप्तर व स्थिर घरगुती दप्तर

या जिल्ह्याच्या शासकीय कागदपत्रांना एका जागी सुखाने राहणे फारसे लाभले नाही. १८५३ च्या तहान्वये वऱ्हाड व रायचूर दुआब यांच्याबरोबर नळदुर्ग-धाराशिवचा मुलूखही निजामाने इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. मेडोज टेलर यांनी नळदुर्ग येथे राहून काही वर्षे त्याचा कारभार पाहिला. १८६० साली हा मुलूख निजामास परत मिळाला. पुढे १९०४ साली जिल्ह्याचे ठाणे नळदुर्गहून धाराशिवास आले. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून गावास व जिल्ह्यास उस्मानाबाद हे नाव मिळाले. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला आणि २०२३ साली जिल्ह्याचे अधिकृत नाव पुन्हा धाराशिव झाले.

या प्रत्येक टप्प्याबरोबर कारभाराची भाषा, लिपी, सन किंवा कचेरी यांपैकी काहीतरी बदलले. मोडी मराठी, फारसी, उर्दू, इंग्रजी व देवनागरी मराठी अशा अनेक थरांत एकाच गावाची हकीकत विभागली गेली आहे. एका कागदावर फसली सन आहे, तर दुसऱ्यावर इसवी सन. या धावपळीत देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी यांच्या वाड्यांतील आणि सामान्य शेतकऱ्याच्या घरातील कागद मात्र आपल्या जागीच राहिले. म्हणूनच शासकीय दप्तरात जे सापडत नाही ते कधीकधी घरच्या रुमालात सापडते.

या कागदांची किंमत अलीकडे सर्वांच्या प्रत्ययास आली. २०२३ साली कुणबी नोंदींच्या शोधार्थ न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमण्यात आली. मराठवाड्यातील जुने महसुली व शाळेचे अभिलेख त्या वेळी तपासले गेले आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची गरज एकदम जाणवू लागली. आजोबांच्या नावाची एक ओळ कोठे लिहिलेली आहे, यावर नातवाचे हित अवलंबून असू शकते, हे तेव्हा पुष्कळांना कळले. त्यानंतर घरचे कागद मोबाइलवर टिपून पेटीत ठेवण्याची निकड वाढली असल्यास त्यात आश्चर्य नाही.

३. जुन्या साठवणीचा नियम

संगणकाच्या पेटीकडे वळण्यापूर्वी या भागातील साठवणीची एक रीत आठवणे इष्ट आहे. ज्वारी हे येथील मुख्य धान्य. आणि ती साठविण्याचे पात्र म्हणजे पेव. जमिनीत खोल खणलेल्या या खड्ड्यास आतून कडब्याचे व भुसकटाचे अस्तर देत, धान्य भरून तोंड मातीने बंद करीत. उघडल्यावर आतील कोंडलेला वायू निघून जाईपर्यंत कोणी आत उतरत नसे. घरात भिंतीलगत बांधलेले बळद असे, लहान प्रमाणावर कणगी असे.

या सर्व पात्रांना एक नियम समान होता. भरलेले पेव रुंद करता येत नाही. वाढवावयाचे तर ते आधी रिकामे करावे लागे. रिकामे करताना धान्य बाहेर येई, उन्हात पडे, किडलेले निराळे काढले जाई, ओल कोठून लागली ते दिसे. दप्तराचीही गोष्ट तीच. मोठ्या पेटीत कागद हलवावयाचे म्हणजे रुमाल सोडावे लागत. वाळवी वा कसर लागली असल्यास ती नजरेस येई आणि घरातील जाणता माणूस त्या निमित्ताने कोणता कागद कशाचा आहे हे धाकट्यांना सांगे. तात्पर्य, क्षमता वाढविणे व साठ्याची तपासणी करणे ही दोन कामे एकमेकांस जोडलेली होती. त्यांना जोडणारा कोणताही लिखित नियम नव्हता. पात्राच्या स्वभावातूनच ती जोडणी झाली होती.

४. डिस्क व जाळे

चुंबकीय डिस्कचा जन्म १९५६ सालचा. त्या वर्षी सप्टेंबरात आयबीएम या अमेरिकन कंपनीने ‘रॅमॅक’ हे यंत्र प्रसिद्धीस आणले. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास तबकड्यांवर त्यात पन्नास लाख अक्षरे मावत. आजच्या मापाने हे पावणेचार मेगाबाइट होतात. फुलस्केपहून थोडा लहान असा एक कागद आज रंगीत टिपावयाचा, इंचास तीनशे ठिपके या प्रमाणाने आणि आकुंचन न करता, तर त्यास सुमारे २६ मेगाबाइट लागतात. म्हणजे मोडीचा एक कागद ठेवण्यास तशी सात यंत्रे लागली असती.

पुढील तीस वर्षांत डिस्क लहान, स्वस्त व अधिक क्षमतेची होत गेली. १९८४ साली सन मायक्रोसिस्टिम्सने एका संगणकावरील फाइली जाळ्यावरील दुसऱ्या संगणकास आपल्याच असल्याप्रमाणे दिसाव्यात अशी ‘एनएफएस’ ही पद्धत प्रचारात आणली. १९८८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील पॅटरसन, गिब्सन व काट्झ यांनी ‘रेड’ची कल्पना एका निबंधात व्यवस्थित मांडली. एका महागड्या डिस्कऐवजी अनेक स्वस्त डिस्का एकत्र चालवाव्यात आणि त्यांपैकी एक बिघडली तरी मजकूर शाबूत राहावा, असा तिचा आशय होता.

ही गोष्ट कुलकर्ण्याच्या वहीच्या दृष्टान्ताने सहज समजेल. तीन गावांच्या तीन रकमा आणि त्यांची बेरीज असे चार आकडे चार निरनिराळ्या कागदांवर लिहून ठेवले आहेत असे समजू. यांतील कोणताही एक कागद हरवला तरी उरलेल्या तिहींवरून हरवलेला आकडा काढता येतो. दोन हरवले तर मात्र काहीच उपाय चालत नाही. चार डिस्कांच्या घरगुती पेटीत सामान्यतः हीच योजना असते. म्हणूनच २ टेराबाइटच्या चार डिस्का घातल्या असता वापरावयास ८ ऐवजी ६ टेराबाइट मिळतात. एका डिस्कएवढी जागा बेरजेस जाते. हा एकविसाव्या शतकातील घरगुती पेटीचा पाया होय.

५. जुन्या पेटीची वाढ कशी होते

या योजनेतूनच एक अपूर्व सोय निर्माण झाली. एक डिस्क गेली तरी पेटी चालते. तेव्हा चांगली डिस्कही मुद्दाम काढून तिच्या जागी मोठी बसविता येते. पेटी उरलेल्या तिघींवरून हिशेब मांडून नव्या डिस्कवर मजकूर पुन्हा लिहिते. हे काम पुरे झाले म्हणजे दुसरी डिस्क बदलावी, मग तिसरी, मग चौथी. साध्या योजनेत सर्वांत लहान डिस्कचे माप सर्वांना लागू असते; म्हणून चारही बदलल्याखेरीज वाढीव जागा हाती येत नाही. काही उत्पादकांच्या मिश्र योजनेत दोन डिस्का बदलल्यावरही थोडी जागा मिळते. २ टेराबाइटच्या जागी ८ टेराबाइटच्या चार डिस्का आल्या म्हणजे ६ चे २४ टेराबाइट व्हावेत, असा हिशेब असतो.

भरलेले पेव न उपसता रुंद करण्याचीच ही युक्ती आहे. साठवणीच्या इतिहासात तिला तोड नाही. परंतु तिच्या आड येणाऱ्या गोष्टीही लक्षात घेतल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट वेळेची. जुनी पेटी सेकंदास १०० मेगाबाइट या वेगाने काम करते असे धरल्यास २ टेराबाइटची एक डिस्क पुन्हा लिहिण्यास साडेपाच तास लागतात, चारींस बावीस. नंतर प्रत्येक डिस्कवरील उरलेल्या ६ टेराबाइटची मांडणी करण्यास आणखी सोळा-सतरा तास. म्हणजे सुमारे ३९ तास पेटीने अखंड राबले पाहिजे, तेही वीज न जाता. भारनियमनाचा अनुभव घेतलेल्या या जिल्ह्यात इन्व्हर्टरवाचून हे काम आरंभणे शहाणपणाचे नाही.

दुसरी गोष्ट धोक्याची. डिस्क बदलीत असता बेरजेचा आधार नसतो. त्या तासांत आणखी एक डिस्क बिघडली तर सर्वच गेले. एकाच वेळी विकत घेतलेल्या डिस्का सारख्याच झिजलेल्या असतात आणि हे काम त्यांस सर्वाधिक ताण देणारे असते. घरगुती डिस्कच्या बाबतीत १० चा चौदावा घात इतके बिट वाचताना एखादी न वाचता येणारी जागा लागू शकते, असे प्रमाण उत्पादक देत आले आहेत. हे सुमारे साडेबारा टेराबाइट होतात. वरील चार बदलांत मिळून २४ टेराबाइट वाचले जातात. प्रत्यक्षात डिस्का याहून बरे काम देतात हे खरे. तथापि दिलेल्या हमीच्या जवळजवळ दुप्पट अंतर आपण चालणार आहोत, हे ध्यानात असावे.

६. आरंभीचे माप

तिसरी अडचण अधिक सूक्ष्म असून इतिहासाच्या अभ्यासकास ती विशेष बोधप्रद वाटेल. पेटीची मर्यादा अनेकदा तिच्या पोटात नसून तिच्या मोजणीत असते. डिस्कवरील प्रत्येक कप्प्यास क्रमांक असतो आणि तो क्रमांक लिहिण्यास किती घरे ठेवावयाची हे प्रथम रचना करणाऱ्याने ठरविलेले असते. वहीत रकमेसाठी चारच घरे आखली असली तर दहा हजारांची रक्कम त्या वहीत लिहिता येत नाही, तिजोरी कितीही मोठी असली तरी.

असे प्रसंग वारंवार आले आहेत. अठ्ठावीस बिटांच्या क्रमांकामुळे एके काळी १३७ गिगाबाइटच्या पुढील डिस्क संगणकास दिसतच नसे. २००२ च्या सुमारास अठ्ठेचाळीस बिटांची पद्धत आल्यावर ती भिंत पडली. १९८३ सालच्या वैयक्तिक संगणकासाठी आखलेल्या विभाग-तक्त्यात बत्तीस बिटांची सोय होती. त्यामुळे पुढे २.२ टेराबाइट ही सीमा झाली. जुन्या घरगुती पेट्यांत आणखी एक सीमा आढळते. तेथे चार किलोबाइटचा एक कप्पा आणि कप्प्याचा क्रमांक बत्तीस बिटांचा, असा हिशेब असतो. बत्तीस बिटांत सुमारे ४२९ कोटी क्रमांक बसतात, त्यांचे १७.६ लाख कोटी बाइट होतात. द्विमान पद्धतीने मोजता हेच १६ टेराबाइट होत, आणि ही सीमा त्याच नावाने ओळखली जाते.

आता मागील उदाहरण पाहू. ८ टेराबाइटच्या चार डिस्का घालून २४ टेराबाइट मिळावयाचे होते. परंतु पेटीतील मांडणी आरंभी बत्तीस बिटांच्या मापाने झाली असेल तर एका खंडाची वाढ या सीमेपाशी थांबते. चारही डिस्का बदलून झाल्यावर, दीड दिवस वाट पाहिल्यावर, हे कळते. मालकाने नव्या प्रकारचे सॉफ्टवेअर घातले तरी जुन्या मापाने केलेली मांडणी आपोआप बदलत नाही. अशा वेळी एकच मार्ग उरतो : सर्व मजकूर बाहेर काढावयाचा, नव्या मापाने मांडणी करावयाची आणि मजकूर पुन्हा भरावयाचा. म्हणजे पेव उपसावेच लागते.

जुन्या पेटीची आणखी एक उणीव तिच्या वयातून येते. उत्पादक काही वर्षांनी सुधारणा पुरविणे बंद करतात. जून २०२१ मध्ये, २०१५ नंतर दुरुस्त्या न मिळालेल्या एका प्रकारच्या घरगुती पेट्या इंटरनेटवरून परस्पर पुसल्या गेल्या. जगभरच्या अनेक कुटुंबांची वर्षानुवर्षांची छायाचित्रे एका रात्रीत नाहीशी झाली. पेटीची क्षमता किती होती, या प्रश्नाला त्या दिवशी काही अर्थ उरला नाही.

७. पेटी कशाने भरते

येथे एक साधा हिशेब करून पाहणे उपयुक्त ठरेल. एका कागदास २६ मेगाबाइट धरले तरी ६ टेराबाइटच्या पेटीत सव्वादोन लाखांहून अधिक कागद मावतात. एखाद्या मोठ्या वतनदार घराण्याचे दप्तरही इतके असणे कठीण. मग पेटी भरते कशाने? आजच्या मोबाइलवर उंच प्रतीची चित्रफीत घेतली असता तासाला वीस गिगाबाइटच्या आसपास जागा जाते. लग्नसमारंभाचे चार तास म्हणजे ८० गिगाबाइट, अर्थात तीन हजार कागदांची जागा. त्यातच तीच छायाचित्रे घरातील चौघांच्या मोबाइलवरून चार वेळा येऊन पडतात.

घरच्या चित्रफितींस मोल नाही असे म्हणण्याचा हेतू नाही. पुढच्या अभ्यासकास त्याही साधन म्हणून उपयोगी पडतील. मुद्दा इतकाच की दप्तरास नव्या जागेची गरज नाही. त्यास फेरिस्त हवी आहे. पुण्याच्या पेशवे दप्तराचे उदाहरण घ्यावे. तेथील हजारो रुमालांतून गो. स. सरदेसाई यांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले, तेव्हा तो साठा अभ्यासकांच्या उपयोगात मोठ्या प्रमाणावर आला. धाराशिव जिल्ह्याच्या घरगुती दप्तरास तर फेरिस्तीची गरज अधिकच आहे. एकाच गावाचा एक कागद नळदुर्ग जिल्ह्याच्या नावाने, दुसरा उस्मानाबादच्या, तिसरा धाराशिवच्या आणि, गाव आज पलीकडे असल्यास, चौथा लातूरच्या नावाने असू शकतो. मोबाइलने दिलेल्या क्रमांकाखाली अशी चार चित्रे चार ठिकाणी पडून राहिली तर ती असून नसल्यासारखीच होत. पेटी जितकी मोठी, तितकी ती सापडण्याची शक्यता कमी.

८. दुसरी प्रत

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. अनंत चतुर्दशीची रात्र उलटत होती. विसर्जन आटोपून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती व वर मातीचे जड माळवद असलेली घरे झोपलेल्यांवर कोसळली. लातूर व उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे मृत्यू पावली. त्या मनुष्यहानीपुढे कागदांचे नाव घेणेही संकोचाचे वाटते. तथापि ज्या कोनाड्यात कागद ठेवलेले असत ते त्याच भिंतींत होते, आणि वाचलेल्यांस नव्या जागी वसताना आपण कोण व आपले काय होते हे सिद्ध करण्यास कागदच हवे होते, हेही विसरता येत नाही.

या अनुभवाचा नव्या पेटीशी निकटचा संबंध आहे. चार डिस्का एकमेकींस सांभाळून घेतात, परंतु चारही एकाच पेटीत व एकाच भिंतीखाली असतात. वीज, आग, चोरी, भूकंप आणि चुकून पुसले जाणे यांपैकी कशावरही बेरजेचा उपाय चालत नाही. म्हणून निदान तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात व एक तरी दुसऱ्या गावी असावी, असा संकेत जाणकारांत रूढ झाला आहे. धाराशिवातील घराची एक प्रत पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाकडे ठेवणे आज कठीण नाही. जुन्या पेटीतून काढलेल्या २ टेराबाइटच्या डिस्कांपैकी ज्या तपासणीत चांगल्या ठरतील त्यांचा याहून चांगला उपयोग नाही.

घरचा साठा घरात मावेनासा झाला म्हणजे आणखी एक मार्ग असतो, आणि त्याचे उदाहरण या जिल्ह्यातच आहे. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे यांनी प्राचीन तगर नगराच्या परिसरातून आयुष्यभर पुराणवस्तू जमविल्या. त्यांचा हा घरगुती संग्रह पुढे शासनाच्या स्वाधीन झाला आणि आज तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. घरगुती दप्तराची एक प्रत अशाच रीतीने एखाद्या विद्यापीठाकडे वा संशोधन-मंडळाकडे पोहोचली, तर ती केवळ एका घराची राहणार नाही.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, पूर्वीच्या साठवणीत वाढ आणि तपासणी ही एकत्र होत. नव्या पेटीने त्यांची फारकत केली. न उघडता, न पाहता, न निवडता साठा वाढविणे प्रथमच शक्य झाले. ही सोय मोठी आहे. परंतु वर्षातून एकदा रुमाल सोडून कागद उन्हाला दाखविण्याची जी रीत होती तिची जागा या सोयीने घेतलेली नाही. आरंभीच्या मापामुळे जुनी पेटी ज्या सीमेपाशी अडते, तिच्याकडे त्या दृष्टीने पाहता येईल. तेथे मजकूर बाहेर काढावाच लागतो. तो काढताना एक प्रत दुसऱ्या गावी पाठवावी, ती उघडते की नाही हे पाहावे, जे वाचता येते त्याची यादी करावी, आणि मोडी वाचणारे वडीलधारे घरात असतील तर कागदाचा आशय त्यांच्याकडून त्याच वेळी लिहून घ्यावा. मोठ्या डिस्का केव्हाही विकत मिळतात. तो वाचून सांगणारा माणूस मात्र पुढच्या वाढीपर्यंत असेलच, असे नाही.